टेप शेवटी बदला: जुन्या जीटी टीएसआयचा आवाज सुधारताना

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात त्याला' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा अख्खा एपिसोड एकाच प्रश्नावर आहे. अकोले तालुक्यातल्या राजूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय, तो आधी ऐकवतो.

"दादा, माझ्याकडे २०१३ ची पोलो जीटी टीएसआय आहे, सेकंडहँड घेतली. गाडी पळते भन्नाट, पण आवाज म्हणजे नुसता डबा. एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसव, डिकीत बास ट्यूब टाक, दोन तासांत गाडी देतो. चाळीस हजारांत बसतंय सगळं. करू का?"

भावा, करू नको. निदान या क्रमाने आणि दोन तासांत तर अजिबात नको. का, ते सांगतो. ज्यांच्याकडे पोलो नाही त्यांनीही थांबा, कारण यातलं बरंचसं कुठल्याही दहा-वीस वर्षं जुन्या गाडीला लागू पडतं.

आता कोणी म्हणेल, पोलो कुठली स्पोर्ट्स कार? मान्य, दोन दारांची नाही, टप उघडत नाही. पण आपल्याकडे पोरांच्या हातात आलेली वेगवान गाडी म्हणजे हीच जात. कुर्ल्यात बनलेली फियाटची पॅलियो १.६, संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, आणि चाकणची पोलो जीटी टीएसआय. ही २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी. २०२२ ला पोलो भारतात बंद झाली, म्हणजे आता जी आहे ती जपायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण कापलेलं वायरिंग परत जोडता येतं, पण पहिल्यासारखं होत नाही.

आवाज खराब का वाटतो

शोरूममध्ये उभ्या गाडीत कुठलाही टेप बरा वाजतो. कोल्हार-घोटी रस्त्याने अकोल्याकडून विठा घाट चढून राजूरला या, आणि मग सांगा. टायरचा घरघराट, टर्बोचं इंजिन, दारांच्या पत्र्याची थरथर, आणि पावसाळ्यात टपावर ताशा. हा गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांचा असतो, म्हणजे तुमच्या गाण्यातला ढोल आणि बास तो आधी गिळतो. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. छोटा स्पीकर ओरडायला लागतो, वरचे सूर कानाला टोचतात, आणि आपण म्हणतो टेप भंगार आहे. टेपचा दोष असतोच असं नाही.

म्हणून पहिला खर्च दारांवर. दाराचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधली पोकळी हीच स्पीकरची पेटी असते. तबल्याची खोडं भोकं पडलेली असतील तर कितीही भारी शाई लावा, उपयोग नाही. दारात ब्युटाइल रबराची, वरून अॅल्युमिनियमची फॉइल असलेली डॅम्पिंग शीट लावतात. बाहेरच्या पत्र्याचा सगळा भाग झाकायची गरज नसते. मधल्या मोठ्या सपाट जागेवर, साधारण पाव भागावर, पक्की दाबून बसवली तरी पत्र्याची टणटण जाते. नंतर बोटाने टिचकी मारून बघा, 'टण्ण' ऐवजी 'ठप' असं आलं पाहिजे.

एक सांगतो. घराच्या गळक्या स्लॅबवर लावतात ती डांबरी शीट काही लोक स्वस्त पडते म्हणून दारात चिकटवतात. एप्रिलच्या उन्हात गाडी उभी केली की तिचा वास केबिनभर पसरतो, आणि ती खाली सरकते. ब्युटाइलच घ्या.

आता पावसाचा भाग, आणि राजूरकरांसाठी हा भाग फार महत्त्वाचा आहे. दार आतून कोरडं असतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. नसतं. काचेवरून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, गाडी बनवतानाच ते तसं धरलेलं असतं. ते पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून आतल्या बाजूला सील असतं, काही गाड्यांत जाड प्लॅस्टिक, काहींत गॅस्केटवाली पूर्ण प्लेट. घाईतला फिटर ते फाडतो किंवा अर्धवट चिकटवतो. पुण्यात एक वेळ ते खपून जाईल. पण तुम्ही घाटघर-रतनवाडीच्या बाजूला जुलैमध्ये जाणार. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. एका शनिवार-रविवारात पायाखालची चटई ओली, आठवड्याने कुबट वास, आणि चटईखालून जाणारी वायरिंग हिरवी पडायला सुरुवात. म्हणून दार बंद करण्याआधी फिटरला म्हणा, काचेवर बादलीभर पाणी ओत, आणि आत हात फिरवून बघ. त्याला राग आला तर येऊ दे.

भोकांचंही तेच. डॅम्पिंग शीटने खालची पाणी जायची भोकं बुजवली तर दारात डबकं होतं.

स्पीकर आणि वॅटची गंमत

पोलोत पुढे साडेसहा इंची स्पीकर आहेत आणि कंपनीने ते स्क्रूने नाही, रिव्हेटने बसवलेत. ते ड्रिलने काढावे लागतात. ड्रिल करताना लोखंडाचा कीस दारात पडतो, तो ओल्या फडक्याने आणि चुंबकाने काढून घ्या, नाहीतर तिथूनच गंज धरतो. नवीन स्पीकरची खोली आधी मोजा. काच पूर्ण खाली केल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाला लागली तर एक तर काच जाते नाहीतर स्पीकर. कागदी कोनचा स्पीकर गोड वाजतो, पण आपल्या पावसाच्या पट्ट्यात पॉलिप्रॉपिलीनचा कोन बरा.

आता वॅट. खोक्यावर लिहिलेलं असतं '५० वॅट गुणिले ४'. हिशोब करून बघूया, दहावीचं गणित आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. टेपच्या आतल्या अँपला या व्होल्टेजवर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त देता येतं ते म्हणजे १४.४ गुणिले १४.४, भागिले ८. उत्तर येतं २५.९. तेही कागदावर. प्रत्यक्षात पंधरा ते वीस वॅट. पटत नसेल तर टेपच्या मागचा फ्यूज बघा, १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १५ अँपिअरला १४.४ ने गुणलं तर २१६ वॅट फक्त आत येतात, त्यातले बरेच उष्णता होऊन जातात. मग दोनशे वॅट बाहेर कुठून येणार?

म्हणून स्पीकर घेताना वॅटचा आकडा सोडा आणि 'सेन्सिटिव्हिटी' बघा, डेसिबलमध्ये दिलेली असते. ८८ आणि ९१ डेसिबल हा फरक छोटा दिसतो. पण तीन डेसिबल म्हणजे तितकाच आवाज काढायला निम्मी ताकद. टेपच्याच पंधरा-वीस वॅटवर चालवायचं असेल तर ९१ वाला स्पीकर घेणं म्हणजे दुप्पट मोठा अँप फुकटात मिळाल्यासारखं.

बहुतेकांचं समाधान इथेच होतं, खरं सांगतो. दार बंद केलं, चांगले पुढचे स्पीकर लावले, कंपनीचाच टेप ठेवला, तरी लोक विचारतात नवीन सिस्टिम बसवली का. मागच्या स्पीकरवर मी पैसे घालत नाही. मागे बसून गाणी ऐकणारे कमी, आणि जीटीमध्ये मागे बसायला कोणी हौसेने येतही नाही.

बॅटरी उतरते ती अशी

आता त्या दोन तासांत बसवलेल्या स्क्रीनकडे येऊ. इथे खरा धोका आहे.

जुन्या गाड्यांत टेपच्या मागे दोन वेगळ्या वायरी यायच्या. पिवळी, तिच्यात कायम १२ व्होल्ट, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. आणि लाल, तिच्यात चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट. चावी काढली, लाल मेली, टेप बंद. सोपं.

फोक्सवॅगनच्या या पिढीच्या गाड्यांत ती लाल वायर टेपच्या सॉकेटपर्यंत येतच नाही. चावी चालू आहे की बंद, हा निरोप दोन बारीक वायरींवरून डिजिटल संदेश म्हणून जातो. त्याला कॅन बस म्हणतात. कंपनीच्या टेपला ती भाषा कळते. बाजारातल्या स्क्रीनला कळत नाही, म्हणून मध्ये एक डबी लागते, कॅन डीकोडर. ती संदेश वाचते आणि स्क्रीनला हवी ती लाल वायर तयार करून देते. चांगल्या सेटबरोबर पोलोची फ्रेम, कपलर आणि ही डबी एकत्र येते.

ती नसली की फिटर काय करतो? लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या १२ व्होल्टवर टाकतो. स्क्रीन लागते, गाणं वाजतं, पैसे देऊन तुम्ही घरी. पण आता स्क्रीनच्या लेखी चावी कायमच चालू आहे. बटण दाबून तुम्ही डिस्प्ले काळा करता, आत मात्र प्रोसेसर जागा. समजा तो अर्धा अँपिअर खातो. २४ तासांत १२ अँपिअर-तास गेले. ४४ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी, तिसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता 'टक टक' करतो. बॅटरी जुनी असेल आणि थंडी असेल तर त्याच्याही आधी.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ लावली, रतनगड केला, दुसरी रात्रही तिथेच काढली. रविवारी पहाटे निघायचंय. गाडी मेलेली. फोनला रेंज नाही, मेकॅनिक राजूरला. आणि डीएसजी गाडी धक्का मारून चालू होत नाही. मॅन्युअल गाडी असती तर चार पोरं, उतार आणि दुसरा गिअर, काम झालं असतं. डीएसजीत क्लच दाबायला पेडलच नाही, गाडीला वीज मिळेपर्यंत गिअरबॉक्स काही जोडतच नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणि जंप केबल, हाच उपाय. तेव्हा ती केबल डिकीत ठेवा, बास ट्यूबपेक्षा तिला जागा कमी लागते.

हे आधीच पकडता येतं. साधा मल्टिमीटर घ्या, १० अँपिअरच्या खाचेत लाल पिन घाला. गाडी बंद, चावी दूर, बॅटरीची ऋण केबल काढा आणि मल्टिमीटर केबल आणि बॅटरीच्या ऋण टोकाच्या मध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबा, दार उघडू नका, आणि मीटर जोडलेला असताना गाडी चालू करायचा प्रयत्न तर मुळीच करू नका, मीटर जळेल. शेवटी ०.०५ अँपिअरच्या आत आकडा आला तर सगळं ठीक. ०.५ दिसला तर स्क्रीनचा फ्यूज काढून परत बघा. आकडा पडला की चोर सापडला.

ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांचं दुखणं बरोबर उलटं. त्या काळच्या फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांत सॉकेट नेहमीचंच दिसतं, पण पिवळ्या आणि लाल वायरींच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. बाजारातला टेप सरळ खोचला तर तो चालतो, पण चावी काढली की सगळं विसरतो. रेडिओ स्टेशनं, आवाजाची सेटिंग, रोज नव्याने. टेप बिघडलेला नसतो, दोन पिना बदलल्या की झालं. त्याच गाड्यांत टपावरच्या अँटेनात छोटा अँप असतो आणि त्याला वीज अँटेनाच्याच वायरमधून लागते. अडॅप्टर न लावता नवा टेप बसवला तर एफएम खरखरतो.

आणि कोणाच्या घरी चुकून सॅन कंपनीची दोन सीटची स्टॉर्म असेल, किंवा पुण्याकडे बनलेली डीसीची अवंती, तर त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. इतर गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू पत्र्याला जोडलेली असते, म्हणून अर्थिंग कुठेही बोल्टला देता येतं. फायबरच्या किंवा कॉम्पोझिटच्या बॉडीतून वीज जात नाही. तिथे प्रत्येक अर्थिंग चासिपर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत जाड वायरने न्यावं लागतं. फिटरने सवयीने बॉडीच्या स्क्रूला वायर गुंडाळली तर अँप एक तर चालणारच नाही, नाहीतर भलत्याच वायरीतून रस्ता शोधेल.

अँप लावायचाच असेल तर

बास हवाच, असं म्हणणारे असतातच. मग वेगळा अँप आला आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर आली. ३०० वॅट खरे देणारा क्लास डी अँप घेतला, आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो बॅटरीकडून ३७५ वॅट ओढेल. भागिले १३.८, म्हणजे २७ अँपिअर. एवढा करंट तुमच्या पायाखालून जातोय.

त्या वायरला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीजवळ हवा, वायरच्या पहिल्या दीड फुटात. डिकीत अँपवर आधीच फ्यूज आहे की, असं दुकानदार म्हणेल. पण बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी नसतोच, वायरसाठी असतो. समजा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून ती वायर रबरी ग्रोमेट न घालता ओढली. घाटातल्या हादऱ्यांनी वर्षभरात इन्सुलेशन कापलं जातं आणि तांबं पत्र्याला टेकतं. बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. बॅटरीकडे फ्यूज असेल तर तो उडेल आणि गाणं बंद होईल. नसेल तर वायर लाल होईल आणि चटई पेटेल. डिकीतल्या फ्यूजला हे कळणारसुद्धा नाही, कारण करंट तिथपर्यंत पोचतच नाही.

वायर विकत घेताना टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. तेवढ्याच जाडीत ते तांब्यापेक्षा बरंच कमी करंट पेलतं. घ्यायचंच तर जास्त जाड घ्या, पण मी तांबंच घेईन. पॉवरची वायर एका बाजूने, गाण्याच्या आरसीए केबल दुसऱ्या बाजूने. एकत्र नेल्या किंवा अर्थिंग कच्चं ठेवलं, तर अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'उंऽऽऽ' अशी शिटी येते, इंजिनबरोबर चढते आणि उतरते.

विमा कंपनीला या वस्तू इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज म्हणून कळवा आणि बिल जपा. वायरिंगला आग लागल्यावर हे सांगायला गेलात तर वाद होणार.

आता स्क्रीन

एवढं झाल्यावर स्क्रीन घ्यायला माझी हरकत नाही. तिचा खरा उपयोग रिव्हर्स कॅमेरा, नकाशा आणि फोन हातात न घेता कॉल. स्वस्त स्क्रीन खोक्यावर रॅम जास्त दाखवतात आणि रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा यायला तीन सेकंद लावतात, तोवर तुम्ही भिंतीला टेकलेले असता. दुकानात बसून थंड चालू करून बघा. आवाजासाठी फिरवायचं खरं बटण असेल तर फार बरं. खड्ड्यात टचस्क्रीनवर बोट लागत नाही.

शेंडीच्या पुढे घाटघरच्या बाजूला रेंज जाते-येते, त्यामुळे नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि एपिसोडसुद्धा. हो, आमचा पॉडकास्ट ऐकायला बास ट्यूब लागत नाही, माणसाचं बोलणं मधल्या सुरांत असतं.

व्हिडिओबद्दल स्पष्ट बोलतो. या स्क्रीनना हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून. फिटर न विचारता ती थेट अर्थिंगला जोडतो, म्हणजे गाडी चालतानाही सिनेमा चालू. त्याला सांगा, ती वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जोड. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ बघण्याला मनाई आहे, रस्ता दाखवणारा नकाशा तेवढा चालतो. आणि नियम बाजूला ठेवा, विठा घाटात समोरून उसाची ट्रॉली येत असताना तुमची नजर एक सेकंद स्क्रीनवर गेली, गाडी ५० च्या वेगात असली, तर तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते.

स्क्रीनची आणखी एक वायर असते, हेडलाइट लावले की उजेड कमी करणारी. पोलोत तेही काम कॅनची डबी करते. ती नीट बसली नसेल तर रात्री डॅशबोर्डवर ट्यूबलाइट पेटल्यासारखं होतं आणि बाहेरचं काळोखातलं जनावर दिसत नाही. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला येणाऱ्यांनी तर हे बघाच. तो सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि काजवे एकमेकांना उजेडानेच खुणा करतात. तिथे स्क्रीन पूर्ण काळी, हेडलाइट बंद, गाणं बंद.

तर राजूरच्या भावाला: चाळीसमधले निम्मे दारं आणि पुढच्या स्पीकरला घाल. त्यानंतर महिनाभर गाडी वापर. मग कॅन डबीसकट येणारी स्क्रीन बघ, वायर न कापता कपलरवर बसणारी, आणि कंपनीचा टेप फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. अँपचं मग बघू. त्याआधी आत्ता जशी गाडी आहे तशीच मल्टिमीटर लावून आकडा घे आणि मला पाठव, आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते त्यात कळेल.